गरजा कुणी कमी करायच्या?

‘गरजा कमी करा, साधे राहा’ हा उपदेश हल्ली आम्हाला उठताबसता ऐकावा लागतो. कधी पर्यावरणवाद्यांकडून, कधी मिनिमलिझमवर व्याख्याने देणाऱ्यांकडून. आमचा प्रश्न एवढाच आहे: हे तुम्ही कुणाला सांगता?

आमच्या गरजा कमी ठेवण्याचे काम या देशात जातीने शतकानुशतके केले. बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) त्याचे दाखले दिले आहेत. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढले, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. इंदूरकडच्या बलाई समाजाला फर्मान निघाले की जरीकाठी पगड्या घालायच्या नाहीत, रंगीत काठाची धोतरे नेसायची नाहीत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. तूप आणि धोतराचा काठ! तेव्हा त्याला कुणी ‘शाश्वत जीवनशैली’ म्हटले नाही, एवढाच फरक.

कपाटातल्या चाळीस शर्टांपैकी तीस वाटून टाकणाऱ्याचे कौतुक होते. दोनच शर्टांवर वर्ष काढणाऱ्याला कुणी मिनिमलिस्ट म्हणत नाही.

मग मॉलमध्ये आमची मुक्ती आहे काय? मुळीच नाही. हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलने आणि कर्ज काढून केलेल्या लग्नाने जात हटली नाही. (जयंतीच्या डीजेचा खर्चही यातच धरा. राग आला तरी चालेल.) पण आपण खरेदी थांबवली की भांडवलशाही नमते, हीसुद्धा थापच. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. काय आणि किती बनवायचे हे कंपनी ठरवणार, हिशेब मात्र आमच्या पिशवीचा! बाबासाहेबांनी पिशवी तपासली नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी थेट मालकीलाच हात घातला. मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन सरकारच्या मालकीची करा आणि ही तरतूद राज्यघटनेतच लिहा, अशी त्यांची मागणी होती. तिच्यावर बोलायला आजचे साधेपणावाले तयार आहेत काय?

मुंबईत ‘पाणी वाचवा’ हा उपदेश झोपडपट्टीलाही केला जातो. महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या निकषात मात्र इमारतीला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीला ४५ लिटर. या ४५ मधले किती वाचवायचे, ते उपदेश करणाऱ्यांनी आमच्या नळावर येऊन सांगावे. पहाटे यावे, नंतर पाणी जाते.