कोरड्या नदीकाठची माणसे

आमच्या बुलढाण्याजवळ पैनगंगा उगम पावते, ही गोष्ट आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. मात्र पाहुणा एप्रिल-मे महिन्यात आला असेल, तर ती दाखवायला नेण्याचे युक्तीने टाळतो. त्या दिवसांत पात्रात दगडगोटे असतात आणि शेळ्या असतात. हीच नदी पुढे वर्धेला मिळते आणि तिचे पाणी गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला जाते, यावर ते पात्र पाहून कोणाचाही विश्वास बसू नये.

अशा गावात राहून खळाळत्या पाण्यातून वल्ही मारीत जाण्याचा बेत आखावा, हा विचार अर्थातच माझा नव्हे. मराठीच्या प्राध्यापकाने फार तर नदीवरच्या कविता शिकवाव्यात. हा उद्योग आमच्या भाचेबुवांचा. ते कॉलेजसाठी आमच्याकडे राहतात. एके रात्री त्यांनी मला अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचे चलच्चित्र दाखवले. दोन्ही बाजूंना लाल कड्यांच्या भिंती, वर रखरखीत वाळवंट, आणि तळाशी दगडांवर आपटत धावणारे पाणी. त्यात रबरी तराफ्यावर सहा-सात वेडे. "मामा, आपल्याकडे असं कुठं करता येईल?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी "बघू" म्हणालो. मामा लोकांच्या तोंडी हा शब्द नकाराऐवजी असतो, हे भाच्यांना ठाऊक असते.

पण मी नकार देऊन मोकळा होऊ शकत नव्हतो, त्याला कारण होते. या मुलाचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, 2011 सालच्या जुलैत चिखलीजवळचा एक नाला ओलांडताना गेले. संध्याकाळची वेळ, डोक्यावर पाऊस नाही, रस्त्यावरून घोटाभर पाणी वाहत होते. वर डोंगरात पाऊस झाला होता. स्कूटर अर्ध्यावर असतानाच लोंढा आला. त्या दिवसापासून ताई पाणी म्हटले की विषय बदलते. मुलाला तिने पोहणे शिकू दिले नाही. त्याने ते शाळेत असताना चोरून शिकून घेतले. तेव्हा या बेतात परवानगी हवी होती ती ताईची. ती मागायला जायचे तर आधी मला स्वतःला सारे नीट समजायला हवे होते. मी वाचायला बसलो.

कोलोरॅडोच्या त्या खोऱ्यातून पहिल्यांदा पार जाणारा मनुष्यही प्राध्यापकच होता, हे वाचून मला किंचित धीर आला. जॉन वेस्ली पॉवेल, विषय भूगर्भशास्त्र. उजवा हात 1862 च्या लढाईत गमावलेला. 24 मे 1869 रोजी स्वतः धरून दहा माणसे, चार होड्या आणि दहा महिन्यांची शिधासामग्री घेऊन तो निघाला. तरंगण्याचे जाकीट होते ते एकट्या पॉवेलपाशी. पुढे काय आहे याचा नकाशा कोणाकडेही नव्हता. पंधरवड्याच्या सुमारास एक होडी दगडांवर फुटली आणि तिच्यातला शिधा बुडाला. उरलेले पीठही भिजून नासले. एक जण वाटेतच कंटाळून गेला. ऑगस्टच्या 28 तारखेला समोर असे भयंकर पाणी आले, की तिघांनी हात जोडले आणि कडा चढून वाळवंटाची वाट धरली. उरलेले सहा जण त्या पाण्यातून गेले आणि दोनच दिवसांनी सुखरूप बाहेर पडले. वर गेलेले तिघे मात्र मारले गेले.

त्याच मुलखातली दुसरी एक हकीकत मी ताईला सांगितली नाही. ऑगस्ट 1997 मध्ये ॲरिझोनातील अँटिलोप नावाच्या अरुंद घळीत अकरा प्रवासी पुरात वाहून गेले. वादळी पाऊस झाला होता कित्येक मैल वर. लोंढा आला तो यांच्यावर. पाने मिटून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. चिखलीचा नाला आणि ॲरिझोनाची घळ यांत लांबी-रुंदीखेरीज फरक तो कोणता?

आपल्याकडचे उत्तर सापडले ते कोलाडला, रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदीवर. तिच्यातल्या पाण्याची कथा मराठीच्या माणसाला परकी नाही. 1921 साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह केला, त्या धरणाचे हे पाणी. मुळेबरोबर पूर्वेला भीमेकडे जायचे, ते सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवले आणि वीज करून झाल्यावर कुंडलिकेत सोडले. म्हणून पावसाळा नसतानाही, पाणी सोडतील त्या दिवशी सकाळी ही नदी धावू लागते. कोलोरॅडोसुद्धा 1963 पासून, ग्लेन कॅनियनचे धरण झाल्यावर, विजेच्या वेळापत्रकानेच वाहते. खवळत्या पाण्याच्या एकपासून सहापर्यंत प्रती लावतात. कुंडलिकेचे बहुतेक पाणी दोन-तीनचे. पाच-सहाशी आमचे वैर नाही, पण ओळखही नको.

मग मी प्रश्नांची यादी केली आणि तेथल्या लोकांना फोनवर सतावले. वाटाड्या किती वर्षे याच नदीवर आहे? तराफा एकटाच जातो की सोबत दुसरा असतो? पडलेल्याला गाठायला लहान होडी पुढे असते का, दोरीची पिशवी असते का? पाणी आज सुटणार हे कोण कळवते? एका ठिकाणी या शेवटच्या प्रश्नाला "सर, तुम्ही या तर खरं!" असे उत्तर मिळाले, तेथे आम्ही गेलो नाही. दुसऱ्याने उलट मलाच विचारले, कोणाला दमा आहे का, हृदयाचा विकार आहे का, चष्मा दोरीने बांधता येईल का. प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो. तेथे नाव नोंदवले.

ही सारी वही घेऊन मी चिखलीला गेलो. ताईने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. माझ्या एकाही कथेचे तिने कधी इतके लक्ष देऊन वाचन केलेले नाही. वही मिटून म्हणाली, "मी येते."

डिसेंबरात मलकापुरास रात्रीची गाडी धरून आम्ही निघालो. सकाळी नदीवर पोचलो तेव्हा पात्रातले दगड उघडे होते. अगदी आमच्या पैनगंगेसारखे! वाटाड्या सूचना देऊ लागला. जाकिटाचे पट्टे इतके आवळा, की खांद्याला धरून वर ओढले तरी ते कानांशी येता कामा नये. पाण्यात पडलात तर पाठीवर उताणे व्हा, पाय पुढे, पाण्याच्या दिशेने. धावत्या पाण्यात उभे राहू नका. दगडांच्या सांदीत पाऊल अडकले, तर गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला आडवे करून दाबून धरते. वाहून आलेल्या फांद्यांना आधार समजू नका. पाणी त्यांतून निघून जाते, माणूस जात नाही. पोहता कोणाला येत नाही, असे त्याने विचारले तेव्हा मी दुसरीकडे पाहू लागलो. मागून ताईचा आवाज आला, "याला येत नाही." मला वाटाड्याजवळची जागा मिळाली.

एवढ्यात पाणी आले. आवाज आधी, मग दगड एकेक करून दिसेनासे झाले. ताईने माझा दंड धरला. तिचा हात थंड पडला होता. मी वहीत सारे लिहिले होते. हे असे समोर दिसेल, हे मात्र माझ्या ध्यानातच आले नव्हते.

"हे पाणी आत्ता येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?" तिने वाटाड्याला विचारले.

"हो ताई. सुटलं की आम्हाला कळवतात. तोवर कुणी पाण्यात उतरत नाही."

ती काही वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग मुलाजवळ गेली, त्याच्या जाकिटाचे खांदे धरून तिने दोनदा जोराने वर ओढले, आणि डाव्या बाजूचा पट्टा आणखी एक बोट आवळला.

पुढल्या प्रवासाचे वर्णन मी करीत नाही. मी डोळे बहुधा मिटलेले ठेवले होते, आणि पहिल्याच खळाळात "आई गं" असे ओरडणारा मनुष्य मी नव्हतो, असे माझे अजूनही म्हणणे आहे. ताई जीपमधून आधीच खालच्या धक्क्यावर जाऊन उभी होती. दोन तराफ्यांतून सोळा माणसे काठावर उतरली. तिने ती बोट करून मोजली, आणि मग पुन्हा एकदा मोजली.