फुटाळ्यावर गिऱ्हाईक नको, मालक म्हणून जा

रविवारी संध्याकाळी मोमीनपुऱ्यातल्या बाईक फुटाळ्याकडे वळल्या की घरातली मोठी माणसं कुरकुरतात, ‘नुसता टाईमपास!’ मला त्यात गैर दिसत नाही. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांना मोकळी हवा हवीच. खटकतं ते वेगळंच: आपण तिथे फक्त गिऱ्हाईक असतो. भुट्टा, सेल्फी आणि परत.

या भोसलेकालीन तलावातल्या संगीत कारंज्याचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने प्रकल्पाविरुद्धचं अपील फेटाळलं. पण सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व मानवनिर्मित तलावांनाही लागू आहे, हेही सांगितलं. म्हणजे तलाव सरकारचा नाही, कंत्राटदाराचाही नाही. ती जनतेची अमानत आहे.

मग हिशेब कोण मागणार? पश्चिम नागपुरात कारंजं, आणि आपल्याकडचे नाईक तलाव, लेंडी तलाव अतिक्रमणाने आक्रसलेले. तलाव म्हणजे नुसता देखावा नाही, हे २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून वस्त्या बुडाल्या तेव्हा शहराने पाहिलंच.

फुटाळ्याला जरूर जा. पण माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. लेंडी तलावावर यंदा किती खर्च झाला, महापालिकेला एवढं तरी विचारा.