पदवीची वाट ग्रामसभेपर्यंत जावी

गडचिरोली : पदवीनंतर काय, या प्रश्नाला चंद्रपूर-गडचिरोलीत बहुधा एकच उत्तर मिळते : पोलिस वा वनरक्षक भरती. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे विद्यापीठ जवळ आले; रोजगार मात्र दूरच राहिला.

वास्तविक काम दाराशी आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. पुढे अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपानांची विक्री स्वतः करू लागल्या. लिलाव, करार, हिशेब, वन व्यवस्थापनाचा आराखडा या साऱ्यांसाठी शिकलेली माणसे हवीत. दुसरीकडे सुरजागडची लोहखाण आहे. स्थानिक तरुण तेथे मजूर म्हणून जाणार की तंत्रज्ञ म्हणून, हे प्रशिक्षणावर ठरेल.

त्यामुळे विद्यापीठ व महाविद्यालयांतील रोजगार मार्गदर्शनाचे यश केवळ मुलाखतींना आलेल्या कंपन्यांच्या संख्येवर मोजता येणार नाही. भामरागडचा पदवीधर आपल्याच ग्रामसभेचा करार वाचू व तपासू शकतो का, ही खरी कसोटी आहे. अन्यथा जंगलावरचा हक्क गावाचा आणि हिशेब मात्र परक्याच्या हाती, अशी स्थिती ओढवेल.