जीर्णोद्धाराआधीची पाठचिकित्सा

घरातली जुनी फियाट किंवा अॅम्बॅसडर पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की बहुधा पहिली चर्चा रंगाची होते. माझ्या मते या कामाचा प्रारंभ गाडीवरचे क्रमांक वाचण्यापासून व्हायला हवा. साहित्याच्या अभ्यासकाला हे पटणे अवघड नाही. संहिता निश्चित केल्यावाचून आपणही अर्थनिर्णयाकडे वळत नाही.

चेसिस क्रमांक ही गाडीची कायदेशीर ओळख, तर इंजिन क्रमांक त्या विशिष्ट इंजिनाची. दोन्ही धातूवर ठोकलेले असतात आणि आरसी बुकात नोंदलेले असतात. याखेरीज ओतकामातच उमटलेला, उठावाचा एक क्रमांक इंजिनावर दिसतो. तो साच्याचा असतो. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक भागावर तो सारखाच येतो. त्यालाच इंजिन क्रमांक समजण्याची गफलत नेहमी होते. शिवाय सतरा अक्षरांकांची आजची पद्धत या गाड्यांवर शोधू नये. त्या काळी प्रत्येक कारखान्याची रीत निराळी होती.

क्रमांक ठोकलेला भाग ग्राइंडरखाली जाता कामा नये. रॉकेल आणि मऊ ब्रशाने मळ काढावा, कागद ठेवून वर पेन्सिल घासावी. आरटीओच्या कामासाठी काढतात तोच हा ठसा. मग तो आरसी बुकाशी ताडून पाहावा.

खरा प्रश्न येतो तो क्रमांक जुळत नाहीत तेव्हा. डिझेल परवडते म्हणून अनेक अॅम्बॅसडर गाड्यांत मागाहून डिझेल इंजिने बसवली गेली. अशा वेळी जुळणी 'घडवून आणण्याचा' मोह होतो. जुना क्रमांक घासायचा आणि नवा ठोकायचा! कायद्याने हा गुन्हा ठरू शकतो, हे आहेच; पण माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. हा बनावट पाठ आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. सी. सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार तीत जिथे पाठाची खात्री नाही तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ आहे आणि पाठभेद तळटीपांत नोंदले आहेत. अनिश्चितता झाकली नाही, म्हणूनच त्या आवृत्तीवर विश्वास ठेवता येतो. बदललेल्या इंजिनालाही अशीच रेघ मिळावी. ते कोणी, केव्हा, का बसवले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारावे आणि लिहून ठेवावे. कुटुंबाच्या आर्थिक इतिहासाचा तोही एक पुरावाच असतो.

'घरची गाडी आहे, संग्रहालयातली नव्हे', असे कोणी म्हणेल. मान्य, परंतु केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली वाहने 'व्हिंटेज' मानली आहेत. चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झाला, तर तो दर्जा मिळत नाही. १९७३ साली नोंदलेली गाडी आज वयाच्या अटीत बसते. हौसेने कापलेला एखादा पत्रा तिला या व्याख्येबाहेर घालवू शकतो.

म्हणून गॅरेजवाल्याच्या हाती किल्ली देण्यापूर्वी ठसे, छायाचित्रे, आरसी बुकाची प्रत आणि जुनी बिले एका फाइलीत लावावीत. रंग नंतरही ठरवता येतो; घासून गेलेला क्रमांक परत मिळेलच असे नाही.