आधी पाचट, मग पुडी

सेंद्रिय खताची गोष्ट निघाली की अलीकडे बायोडायनॅमिक पुडीचे नाव निघतेच. चमचाभर औषध ढिगात घाला, खत सोन्यासारखे होते आणि जमीन सुधारते, असे सांगणारे भेटतात. कारखान्यानेच ही पुडी वाटावी व रक्कम उसाच्या बिलातून कापावी, असेही कोणी सुचवील. बिल आपल्या घामाचे आहे. तेव्हा या विषयावर स्पष्ट बोललेले बरे.

ही पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून निघाली. यॅरो, कॅमोमाईल, नेटल, ओकची साल, डँडेलियन आणि व्हॅलेरियन अशा सहा वनस्पतींपासून ही औषधे करतात. या वनस्पती मूळच्या युरोपातल्या थंड मुलखातल्या. म्हणजे आपल्याला तयार पुडीच विकत घ्यावी लागणार.

आता गुण येतो का ते बघा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी याची पारख करून २००० साली निष्कर्ष छापले. औषध घातलेल्या ढिगाची उष्णता आठ आठवडे सरासरी ३.४ अंश सेल्सिअसने जास्त राहिली आणि तयार खतात नायट्रेट ६५ टक्के जास्त भरले. तेव्हा ‘सगळे थोतांड आहे’ म्हणून हात झटकणे बरोबर नाही. पण तेच खत जमिनीत घातल्यावर काय झाले? औषधाच्या आणि बिनऔषधाच्या, दोन्ही खतांनी जमिनीतले जिवाणू वाढले. दोहोंत फरक म्हणावा असा दिसला नाही. म्हणजे जमीन सुधारली ती खताने.

हे ध्यानात घेतले की आपले काम सोपे होते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट आपल्या रानात पडते आणि आपण काडी लावून मोकळे होतो. चमचाभर औषध विकत घ्यायचे आणि टनांनी सेंद्रिय माल जाळायचा, हा कुठला हिशोब? पाचटात कर्ब भरपूर, नत्र थोडे. नुसते गाडले तर जिवाणू जमिनीतले नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, अशी शिफारस आहे. ओल राखा. ढीग केला असेल तर तो वरखाली करून हवा खेळती ठेवा. जोडीला आपल्याच कारखान्याचे प्रेसमड आणि गोठ्यातले शेण आहेच.

तरीही पुडीची पारख करायची असेल तर आधी कारखान्याच्या शेतकी खात्याने करावी. एकाच मालाचे, एकाच दिवशी, दोन सारखे ढीग लावावेत. एकात औषध, दुसऱ्यात नाही. दोन्हींची उष्णता रोज नोंदवावी, खत तपासून घ्यावे. मग एकाच रानात सारखे वाफे पाडून ते घालावे आणि तोडणीला ऊस काट्यावर वेगवेगळा वजन करावा. आकडे याच अंकात छापावेत, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. तोवर बिलातून एक रुपयाही कापू नये.

सभासद बंधूंनो, यंदा तोडणी झाल्यावर निदान एका एकराचे पाचट जाळू नका. त्याला पुडी लागत नाही, फक्त काडीपेटी खिशात ठेवावी लागते.