२०० तासांनंतर

परवा शिरूरहून पुतण्याचा फोन. "काका, पायलट व्हायचंय. बारामतीला शिकतो, मग चार्टर कंपनीत लागतो. आबा एक एकर विकायला तयार आहेत."

पोटात गोळाच आला! व्यावसायिक लायसनला २०० तासांचं उड्डाण लागतं, ते होईलही. पण चार्टरवाले त्यांच्याकडच्या विमानाचं टाईप रेटिंग विचारतात. तो खर्च वेगळा, बहुधा आपल्याच खिशातून. वर अनुभवही हवा. तास असल्याशिवाय नोकरी नाही, आणि नोकरीशिवाय तास कुठून येणार?

म्हटलं, "आधी क्लास वनचं मेडिकल कर. मग टाईप रेटिंगसकट सगळा हिशोब आबांपुढे मांड."

स्वप्नाला माझी ना नाही. पण अर्धाच हिशोब सांगून बापाची जमीन विकायला लावू नये, असं आपलं मला वाटतं.