वस्तू तुमची, किल्ली कुणाची?

नांगर मोडला तर सुताराचे दार, फाळ बोथट झाला तर लोहाराचा भाता, मोटार जळाली तर तालुक्याला नेऊन भरून आणायची. शेतकऱ्याच्या घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा असा एक वैद्य ठरलेला होता. वस्तू बिघडायची, पण काम फार दिवस अडायचे नाही. आता मोबाइल आला, घरबसल्या मोटार चालू करणारा स्टार्टर आला, बांधावर कॅमेरा आला, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आला. ही यंत्रे वाईट आहेत असे कोण म्हणेल? रात्री दोन वाजता लाइट आली म्हणून अंधारात विहिरीवर जाणाऱ्याला त्या स्टार्टरचे मोल विचारा!

या वस्तूंविषयी पारावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "महागाचं घ्या, टिकतं." दुसरा म्हणतो, "स्वस्तातलं घ्या, मोडलं की टाकून द्या." शेतकरी बंधूंनो, आमच्या मते हे दोघेही चुकीच्या टोकाला धरून ओढत आहेत. किंमत मागाहून बघा. आधी हे बघा, की वस्तू घरी आल्यावर तिची किल्ली तुमच्या हातात राहते, की विकणाऱ्याच्या खिशात जाते.

किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली म्हणजे काय होते, ते अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना विचारावे. तिकडच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये आणि कापणी यंत्रांत संगणक बसवलेले असतात. बिघाड कुठे झाला हे शोधून काढणारे पूर्ण सॉफ्टवेअर मात्र कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडेच मिळते, अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार. पीक उभे, आभाळ भरून आलेले, आणि लाखमोलाचे यंत्र शेतात विक्रेत्याच्या माणसाची वाट बघत उभे! ओरड वाढली तेव्हा जॉन डिअर कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या शेतकरी संघटनेशी दुरुस्तीबाबत करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. तेवढ्यानेही भागले नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीवर दावा लावला. याच कंपनीचे ट्रॅक्टर आपल्या पुणे जिल्ह्यातही तयार होतात. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर अजून गावच्या मिस्त्रीच्या हाताला दाद देतात, हे आपले नशीब. पण वारे कुठे वाहते आहे, हे ओळखलेले बरे.

आपल्या केंद्र सरकारनेही याची दखल घेतली. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने असे चार विभाग त्यात धरले. सुटे भाग, दुरुस्ती केंद्र, वॉरंटी यांची माहिती एका जागी मिळावी हा हेतू. हेतू चांगला. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि माहिती मिळाली म्हणजे सुटा भाग मिळाला असेही नव्हे.

आता ग्रामपंचायतीत डोकावू. गावोगावच्या कॉम्प्युटरमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाइप केलेले ठराव, याद्या, पत्रे पडून आहेत. ती आज उघडावीत तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. "व्हायरस लागला वाटतं," असे म्हणून कित्येकांनी त्या फायली टाकूनही दिल्या असतील. अहो, तो व्हायरस नव्हे. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. तो फॉन्ट त्या मशीनवर नसला की गावचा ठराव वाचता येत नाही. म्हणजे दप्तर गावचे आणि किल्ली फॉन्ट विकणाऱ्याची!

याला उपाय युनिकोडचा. यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरवून दिलेला आहे. ही व्यवस्था १९९१ पासून आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही मोबाइलवर आणि कोणत्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमची विनंती, की जुन्या फायली आजच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, बदललेली प्रत मूळ कागदाशी ताडून पाहावी आणि मगच पुढे जावे. जोडाक्षरे आणि रफार यांत गडबड होते, हे ध्यानात ठेवा.

'ओपन सोर्स' हा शब्द पोरांच्या तोंडी असतो. तो समजायला बियाण्याचा दाखला पुरे. संकरित बी चांगले उत्पन्न देते म्हणून आपण घेतो, पण दरसाल दुकानात जावे लागते. घरचे सरळ वाणाचे बी राखता येते, पेरता येते, शेजाऱ्याला देता येते. आपल्या देशात २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचेही बी तो राखू आणि विकू शकतो, फक्त ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. सॉफ्टवेअरचे असेच आहे. ज्याची आतली मांडणी कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि वाटता येते, ते ओपन सोर्स.

याची सुरुवातही दुरुस्तीच्याच भांडणातून झाली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांच्या छपाईयंत्रात कागद अडकायचा. सॉफ्टवेअरची आतली मांडणी द्या, मी सुधारतो, असे ते म्हणाले आणि ती मिळाली नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. तुमच्या खिशातला अँड्रॉइड मोबाइल त्याच गाभ्यावर चालतो. मात्र पाया खुला असला तरी वरच्या माडीला कंपनीचे कुलूप असू शकते, हेही जाणून असा.

इथे एक गफलत टाळा. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. फुकट मिळणारे पुष्कळसे ॲप खुले नसतात. तिथे पैशाऐवजी तुमची माहिती मोजून घेतली जाते.

खुल्या सॉफ्टवेअरने सगळे प्रश्न सुटतील असेही आम्ही म्हणत नाही. शिकवणारा माणूस गावात नसेल तर तेही अडगळीत पडेल. पण केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर चालतात, कारण तिथे आधी शिक्षकांना शिकवले. विंडोज १० चा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. बरीच जुनी मशीन पुढची विंडोज घेत नाहीत. ती भंगारात घालण्याआधी एखाद्या मशीनवर लिनक्स घालून पाहायला काय हरकत आहे? पत्रे आणि तक्ते करायला लिब्रेऑफिस मोफत मिळते. मात्र सरकारी पोर्टल आणि डिजिटल सही त्यावर चालते की नाही हे आधी तपासा, मगच बाकीची मशीन बदला.

फोटोचेही तसेच. नुकसानीचा फोटो काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मोबाइलमधून पुसून टाकला, की पुरावा लंगडा झालाच म्हणा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान केला जातो आणि त्यातली वेळ व ठिकाणाची नोंद निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मूळ फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि एक प्रत दुसरीकडे. एकाच कणगीत सगळे धान्य कुणी भरत नाही.

तेव्हा घरची खरेदी असो वा पंचायतीची, दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. बिघडले तर तालुक्यात दुरुस्त होईल का, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील? यात साठवलेली माहिती मला बाहेर काढून दुसऱ्या यंत्रात घालता येईल का? तुमची कंपनी उद्या बंद पडली, तर हे यंत्र चालेल का? पंचायतीने ही उत्तरे दरपत्रकात लेखी मागावीत. घरच्या खरेदीत पक्के बिल सोडू नका. फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात फी न भरता करता येते.

बैल घेताना आपण दात मोजतो, चाल बघतो, मग पदराचे पैसे सोडतो. यंत्र घेताना मात्र खोक्यावरचे चित्र बघून भुलतो. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पंचायतीच्या कॉम्प्युटरमधले आपल्या गावचे दप्तर उघडते का, एवढे तरी सर्वांसमक्ष उघडून बघा.